वाऱ्यातले नाना

आगाशी
१४ जानेवारी २०२५

क्षितिजा,

ताई लिहिणं आजपासून बंद. संक्रांत आहे, पण तिळगूळ पाठवत नाहीये. गोड बोलायचा विचारच नाही.

तू मला फोनवर ब्लॉक केलंयस, व्हॉट्सॲपवर केलंयस, म्हणून हा कागद. नंदाखालचा गॉडफ्रे रोज सकाळी केळीचा टेम्पो घेऊन वसईला येतो, त्याच्या हातून देतोय. केळीचा डाग पडला तर तो त्याचा. बाकी सगळे डाग माझे.

मुद्दा तुझ्या प्रदर्शनाचा. लाकडावर कोरून जपान्यांसारखी चित्रं छापायला शिकलीस, चांगलं आहे. आगाशी-विरार रस्ता काढलास, तोही चांगला. स्टॉप काढ, रिक्षा काढ, कुत्री काढ. त्यात माझा बाप कशाला? 'आगाशी आपली' ग्रुपवर कोणीतरी तुझ्या चित्राचा तुकडा टाकलाय. चित्राच्या उजव्या कडेला, एसटी स्टॉपच्या खांबाजवळ, नाना. वारा सुटलाय. दोन्ही हातांनी टोपी डोक्यावर दाबलीय, लुंगीचा फुगा झालाय आणि खाली काड्यांसारखे पाय. सगळं गाव हसतंय. एकाने लिहिलंय, 'नाना आता विमानतळावर उतरणार.'

तेव्हापासून नाना बाजारात जात नाहीत. देवळासमोरच्या टपरीवरचा सकाळचा चहा बंद. टपरीवाला मला विचारतो, म्हातारा आजारी आहे का? मी कामणच्या गोडाऊनला निघतो तेव्हा ते ओट्यावर बसलेले, संध्याकाळी येतो तेव्हाही ओट्यावर. मधे वाडीत केळीमागे तोंड लपवून बसत असणार, दुसरं काय.

आई गेल्यावर हा माणूस उंबऱ्याबाहेर पडत नव्हता. त्याला टपरीपर्यंत न्यायला मला दोन वर्षं लागली. तू एका चित्रात परत आत घातलंस.

ते चित्र उतरव. ज्या फळीवरून छापतेस ती चुलीत घाल. नाहीतर मी काय काय करू शकतो ते तुला माहितीये.

सिद्धेश


वसई
१८ जानेवारी

सिद्धेश,

पत्र मिळालं. केळीचा डाग होता, पण तुझ्या शुद्धलेखनापेक्षा बरा होता.

तुला ब्लॉक का केलं हे विसरलास वाटतं. जुन्या वस्तू विकायच्या साइटवर माझा नंबर टाकून 'गाभण म्हैस विकणे आहे' कोणी लिहिलं होतं? परवा पालघरहून एकाचा फोन आला, वेत कितवं. आणि नववीत बटाट्यावर हेडमास्तरांचा शिक्का कोरून स्वतःच्या रजेच्या अर्जावर कोणी मारला होता? तेव्हा शाळेच्या ऑफिसात मान खाली घालून कोण उभं होतं? नानाच ना. त्यांचं हसं करण्यात तू माझ्या कितीतरी पुढे आहेस.

आता चित्राचं. सोबत एक कार्ड पाठवतेय, जुन्या जपानी चित्राचं. तिकडे दोन-अडीचशे वर्षांपूर्वी लांबच्या रस्त्यांची अशी खूप चित्रं छापायचे. त्यात सरदार क्वचितच मोठे दिसतात. दिसतात हमाल, घोडेवाले, चहा देणाऱ्या बायका, पावसात डोक्यावर चटई घेऊन पळणारी माणसं. ती हास्यास्पद दिसतात, कारण वारा-पाऊस कोणाला विचारून येत नाही. त्यांच्यावर हसताना आपण त्यांच्या बाजूचे असतो. हे तुला कळणार नाही, कारण तू हसतोस ते नेहमी समोरून.

नानांना विचारूनच काढलंय. दोन दुपारी ते माझ्यासमोर टोपी धरून उभे राहिले. खोटं वाटत असेल तर त्यांना विचार. आणि तुकडा बघून भांडू नकोस. प्रदर्शन महिनाभर आहे, येऊन अख्खं चित्र बघ.

फळी चुलीत जाणार नाही. ती माझ्या आईकडे, तुमच्या शेजारच्या घरात माळ्यावर आहे आणि तिथेच राहील.

क्षितिजा


आगाशी
२३ जानेवारी

क्षितिजा,

कार्ड बघितलं. एका माणसाची टोपी उडून भाताच्या शेतात चाललीय आणि तो तिच्यामागे पळतोय, धोतर वर. एक हमाल ढुंगण उघडं टाकून खुर्ची उचलतोय. लॉजच्या दारात दोन बायका एका गिऱ्हाइकाची बाही धरून ओढतायत, विरार स्टेशनबाहेर रिक्षावाले ओढतात तशा. मजा आली, खरं सांगतो. पण त्या टोपीवाल्याचा मुलगा कुठाय? त्याच्या बाजारात कोणी त्याला विमानतळ म्हटलं का? तो मेला, त्याचा मुलगा मेला, त्याचा बाजारही गेला. माझा बाप ओट्यावर बसलाय.

नानांना विचारलं. म्हटलं, तुम्ही खरंच उभे राहिलात? तर उठून वाडीत गेले. हे उत्तर झालं का? नाना कोणाला नाही म्हणतात? विमावाल्याला नाही म्हणवत नाही त्यांना. तू गोड बोललीस, ते उभे राहिले. आता लाज वाटते पण तुझं नाव घेत नाहीत.

गॉडफ्रेला म्हटलं, तू रोज वसईला जातोस, चित्र बघून ये. तो म्हणाला, "मी केली टाकतो, परत येतो. आपुन कोनाच्या भानगडीत नाय." आणि उगाच हसला. त्यालाही तुझी हवा लागलेली दिसतेय.

मी येणार नाही. माझ्या बापाला भिंतीवर टांगलेलं बघायला मी बसचं भाडं घालवणार नाही.

पण तुझ्याकडे गर्दी मात्र होईल. वाट बघ.

सिद्धेश


वसई
२ फेब्रुवारी

सिद्धेश,

काल सकाळी हॉल उघडायच्या आधीच दारात रांग. म्हातारे, म्हाताऱ्या, एक व्हीलचेअर. मी खूश. पहिल्या आजोबांनी चष्मा काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "डाव्या डोळ्याला जास्त त्रास आहे."

आगाशी, नंदाखाल, सगळीकडच्या माझ्या पोस्टरांवर तू खाली चिकटवलंस, 'येणाऱ्यास मोफत नेत्रतपासणी'. वर सहीशिक्क्यासारखं काहीतरी गोल. बटाट्याची सवय सुटली नाही तुझी.

मी प्रत्येकाची माफी मागितली. दोन बायकांनी मला शिव्या घातल्या. नालासोपाऱ्याहून आलेल्या एक आजी रडायला लागल्या, कारण त्यांचा मुलगा सुट्टी टाकून आला होता. तुझ्या चेष्टेत हे कधी येतच नाही. ज्याला फटका बसतो तो तुला दिसत नाही, कारण तोवर तू पळालेला असतोस.

एक गोष्ट सांगते. त्यातले आगाशीचे लोक गेले नाहीत. आलोच आहोत तर बघू म्हणून आत फिरले आणि तुझ्या नानांच्या चित्रासमोर थांबले. तिथे कोणी हसलं नाही. मोगरा विकणाऱ्या दोघी तर खुर्च्या ओढून बसल्या. का बसल्या ते तुला सांगणार नाही. सांगायचं नाही असं ठरलंय, आणि तसंही तुझी लायकी नाही.

क्षितिजा


आगाशी
७ फेब्रुवारी

क्षितिजा,

त्या आजींचं वाईट वाटलं. बाकीच्यांचं नाही.

कोणी हसलं नाही म्हणतेस. तुझ्यासमोर कोण हसेल? आगाशीतले लोक तोंडावर "काय छान" म्हणतात आणि वळणावर जाऊन दात काढतात. मी तेच करत मोठा झालोय, मला शिकवू नकोस. आणि ठरलंय म्हणजे कोणाशी ठरलंय? मोठ्या लोकांच्या मोठ्या गुप्त गोष्टी.

काल तुझ्या आईने, लतिकाकाकूने सांगितलं की तू महिनाअखेरीला इथे येऊन नानांच्या चित्राची अजून एक प्रत छापणार आहेस. म्हणजे एक भिंत पुरली नाही. आता कोणाच्या दिवाणखान्यात माझा बाप लुंगी फुगवून उभा राहणार? पुण्याच्या की ठाण्याच्या? पाहुणे चहा पीत विचारणार, हे कोण? आणि तुझं गिऱ्हाईक म्हणणार, असेच, गावाकडचे कोणीतरी.

कोणीतरी नाहीयेत ते.

शेवटचं सांगतोय. छापू नकोस.

सिद्धेश


आगाशी
१६ फेब्रुवारी

क्षितिजा,

काम झालं.

आज रविवार. काकूला म्हटलं, माळ्यावर उंदीर वाजतात, बघू का? ती म्हणाली, "बघ बाबा, तूच एक कामाचा." चहा टाकायला आत गेली. मी शिडी लावली. तुझी शिवणीच्या लाकडाची फळी जुन्या साडीत गुंडाळलेली. शाई लागून सगळी काळी, काळ्यावर काळं कोरलेलं, माणसं अंगठ्याएवढी. रस्ता, खांब, दोन्ही हात डोक्याला लावलेलं कोणीतरी इकडे, कोणीतरी तिकडे. कौलातून उजेड येत होता तेवढाच. पण उजवी कड कुठली हे कळायला मला आर्ट स्कूल लागत नाही. गोडाऊनमधली पटाशी आणली होती. उजवीकडचा माणूस तासून साफ. टोपी नाही, लुंगी नाही, काही नाही. लाकूड मऊ आहे तुझं.

मग खाली उतरून चहा प्यायलो. काकूने चकली दिली.

आता छाप काय छापायचं ते. नाना सुटले.

सिद्धेश

ता. क. उंदीर खरंच आहेत.


वसई
२५ फेब्रुवारी

सिद्धेश,

गॉडफ्रेच्या हातात एक नळकांडं दिलंय. आत चित्र आहे. काल आगाशीला येऊन छापलं, नुसत्या काळ्या शाईत. तू गोडाऊनला होतास, बरं झालं.

ते उघड. हे चित्र तू पहिल्यांदाच अख्खं बघतोयस. उजवीकडे नाना आहेत, जसेच्या तसे. टोपी, लुंगी, पाय. त्यांना ओरखडासुद्धा नाही. आता डावीकडे बघ. तिथे कागदावर पांढरा डाग आहे, माणसाच्या उंचीचा. तिथे रुक्मिणीकाकी होती.

तुझी आई. डोक्यावर मोगऱ्याची टोपली, दोन्ही हातांनी धरलेली, पुढे चाललीय आणि मागे वळून नानांच्या टोपीवर हसतेय.

फळीवर सगळं उलटं असतं, सिद्धेश. उजवं छापायला डावीकडे कोरावं लागतं. बटाट्यावर हेडमास्तरांचं नाव उलटं कोरणारा तू, तुला हे सांगायचं? रागात एवढंही आठवलं नाही.

आता ठरलेलं मोडते. तुमच्या घरात हार घातलेला काकीचा फोटो आधार कार्डावरून मोठा केलेला आहे. नाना म्हणायचे, ही ती नव्हेच, ही कोणीतरी घाबरलेली बाई आहे. चालताना, हसताना तिचा एक फोटो नाही कोणाकडे. म्हणून ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, स्टॉपवरची काढ. एकटीला कशी काढणार, तिने हसायचं तर समोर कोणीतरी हवं, म्हणून ते स्वतः उभे राहिले. टोपी उडायला हवी हेही त्यांनीच सांगितलं.

ते बाजारात येत नाहीत कारण सकाळी तू गेलास की गॉडफ्रेच्या टेम्पोत बसून वसईला यायचे. महिनाभर. हॉलात खुर्ची टाकून त्या चित्रासमोर. प्रदर्शन संपलं तरी आता टपरीवर जात नाहीत, कारण जिभेवर ताबा राहणार नाही, कोणाला तरी सांगून बसेन म्हणतात. तुला सांगायचं नाही, अशी मला आणि गॉडफ्रेला ताकीद. म्हणाले, "आयुष्यभर त्याने सगळ्यांना फसवलं. एकदा त्याला मी फसवतो. तिच्या तिथीला भिंतीवर लावून ठेवीन आणि हाक मारीन."

प्रदर्शनातली एकच प्रत होती. शेवटच्या दिवशी एका बाईंनी मागितली. मी नको म्हणत होते. नानाच म्हणाले, "दे त्यांना, माझी येतेच आहे." त्या बाई मुलाकडे कॅनडाला गेल्या. माझ्याकडे फोनमधला फोटो आहे, तोही नानांच्या पाठीमागून काढलेला, अर्ध्यात त्यांचं डोकं.

तिथी चौदा मार्चला आहे. हे चित्र नानांना तू दे. मी देणार नाही.

क्षितिजा


आगाशी
२७ फेब्रुवारी

नळकांडं गॉडफ्रेने गोडाऊनच्या गेटवर आणून दिलं. "इथे नको उघडूस" म्हणाला. मी उघडलं. मग त्यानेच टेम्पोत बसवून घरी आणलं. त्याला सगळं माहीत होतं.

तू मला आधी सांगायला हवं होतंस. दोन ओळी लिहायच्या होत्या. 'चित्रात काकी आहे.' तीन शब्द. नानांना दिलेला शब्द मोठा आणि हे लहान? तू मुद्दाम सांगितलं नाहीस. मी येऊन बघावं, गप्प व्हावं, आणि तू जिंकावंस, हे तुला हवं होतं. तू पण समोरूनच हसत होतीस.

हे लिहिलं म्हणजे मी सुटलो असं नाही. मला माहितीये पटाशी कोणाच्या हातात होती.

चित्र पलंगाखाली ठेवलंय. नाना आज ओट्यावर खिळा ठोकत होते. म्हटलं कशाला? म्हणाले, "कॅलेंडर." आपल्याकडे दोन कॅलेंडरं आधीच आहेत.

पटाशीने कापलेलं परत येतं का? तुला येत असेल तर सांग. नसेल तर तेही सांग, म्हणजे मी नानांना सांगतो.

सिद्धेश


वसई
२ मार्च

सिद्धेश,

हो, मला बोलायला हवं होतं. तू पोस्टरांवर खोटं चिकटवलंस, म्हैस विकलीस, आणि मला वाटलं ह्याला एकदा तोंडावर आपटू दे. हे खरं आहे. पण त्याची आणि तुझी बरोबरी करू नकोस. मी गप्प बसले. तू कापलंस.

उपाय आहे. जपानी कारागीरही चुकायचे. चुकलेल्या जागी खाच करायची, तिथे नवा लाकडाचा तुकडा घट्ट बसवायचा आणि त्यावर पुन्हा कोरायचं. मी फळी आणून खाच केलीय, तुकडा ठोकून बसवलाय. फळी, दोन चाकू आणि केळीच्या सोपटाची, म्हणजे खोडाच्या सालीची, छोटी गादी गॉडफ्रेबरोबर पाठवतेय. कागद ओला करून फळीवर ठेवायचा आणि त्या गादीने पाठीवरून घासायचा, गोल गोल. रंगाचे बाकीचे ठसे, म्हणजे रंगांच्या वेगळ्या फळ्या, ठीक आहेत, ते मी नंतर करीन.

कोरायचं तू. मला वेळ नाही म्हणून नव्हे. मी दुसऱ्यांदा काढायला बसले आणि काकी येईना. पहिल्यांदा नाना शेजारी बसून सांगत होते, पदर असा, मान अशी. आता त्यांना काय सांगून बोलावू? माझी काकी होती, पण मी सुट्टीत यायचे. तू रोज बघितलंयस तिला.

रेघ कोरायची नाही, रेघेच्या दोन्ही बाजूचं लाकूड काढायचं, रेघ आपोआप उरते. आणि देवाच्यान, उलटं कोर.

बिघडवलंस तर दुसरा तुकडा नाही.

क्षितिजा


आगाशी
१५ मार्च

क्षितिजाताई,

ताई सवयीने आलं, खोडत नाही. चढू नकोस.

आधी बटाट्यावर केलं. आठवडाभर आमच्याकडे बटाट्याचीच भाजी होती. नाना म्हणाले, "तुला काय झालंय?" मी म्हटलं, स्वस्त झालेत. मग तुकड्यावर, गोडाऊनच्या जेवणाच्या सुट्टीत, पॅकिंगच्या खोक्यामागे बसून. बोटाला तीन ठिकाणी चिकटपट्टी आहे.

आणि एक सांगू, तुझं चित्र चुकलं होतं. आई टोपली दोन्ही हातांनी कधीच धरायची नाही. डाव्या हाताने धरायची. उजव्या हातात मी असायचो. शाळेआधी मला स्टॉपपर्यंत न्यायची, तिथून काकू मला परत आणायची. बस दिसली की ओढत न्यायची, हात खांद्यातून निघेल एवढी. नानांना हे माहीत असणार, पण चित्रात दोन हात छान दिसतात म्हणून तू केलं असशील आणि ते तुला नाही म्हणाले नसतील. त्यांचं कोणाला नाही म्हणायचं काय आहे ते मी आधीच लिहिलं होतं.

मी एकच हात वर काढला. दुसरा खाली, मूठ मिटलेली. मुठीत कोणाला कोरायला तुकड्यात जागा उरली नाही. तोंडही जमेना. दोनदा प्रयत्न केला असता तर लाकूड संपलं असतं. म्हणून पदर वाऱ्याने तोंडावर आणला. तुझ्या त्या जपान्यांचीही निम्मी माणसं टोपीखालीच असतात, कोणी तक्रार केली नाही.

तेराला संध्याकाळी छापलं, एकट्या काळ्या शाईत. काल सकाळी नाना आंघोळीला गेले तेव्हा त्या खिळ्यावर लावलं आणि समोर ओट्याच्या कडेला बसलो. त्यांनी मला हाक मारायची होती, इथे उलटंच झालं. ते आले, टॉवेल खांद्यावर, आणि उभे राहिले.

मग म्हणाले, "बस आली वाटतं हिची." त्या मिटलेल्या मुठीवर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं.

मग जवळ जाऊन म्हणाले, "हिच्याभोवती ही बारीक रेघ कसली?" तुझा तुकडा जिथे बसवलाय तिथली कड छापली गेलीय. मी म्हटलं, वारा. ते म्हणाले, "वारा चौकोनी असतो?"

मग सांगितलं सगळं. माळा, पटाशी, उजवं-डावं. मला वाटलं टॉवेलने मारतील. ते चित्राकडेच बघत होते. म्हणाले, "म्हणजे तुला मला कापायचं होतं." मी हो म्हटलं. म्हणाले, "मग मला कापायचं ना नीट. माझं काय, मी इथे बसलोय."



दुपारी नैवेद्य झाल्यावर खुंटीवरची टोपी घेतली. म्हटलं कुठे? म्हणाले, टपरीवर, चहा राहिलाय बऱ्याच दिवसांचा. स्टॉपपर्यंत मी मागे मागे गेलो. वारा होता. टपरीवर कोणीतरी ओरडलं, "नाना, विमानतळ." नानांनी दोन्ही हात डोक्यावर नेले, टोपी दाबली आणि लुंगी थोडी झटकली. सगळे हसले, ते पण हसले. मी एकटाच रागावलेला.

रंगाचे ठसे घेऊन ये. पदराला हिरवा लाव, निळा नको, तिला निळा आवडायचा नाही. आणि दोन हातांचं चुकलं हे मला लिहून दे, सहीशिक्क्यासकट. शिक्का हवा असेल तर मी कोरून देतो.

ब्लॉक काढू नकोस. फोनवर तू दोन मिनिटांत ठेवतेस, इतकं लांब भांडत नाहीस.

सिद्धू